शैक्षणिक कौशल्यांच्या कार्यशाळा आणि मराठी विभागाची जबाबदारी : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी 'अभ्यासकौशल्य', 'लेखनकौशल्य' किंवा 'परीक्षेची तयारी' अशा नावांनी कार्यशाळा घेण्याचा प्रघात आता बराच रूढ झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये नवागत विद्यार्थ्यांसाठी 'दीक्षारंभ' या उपक्रमाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तेव्हापासून अशा उपक्रमांना औपचारिक स्थानही मिळाले आहे. तथापि या कार्यशाळांचे सर्वसाधारण स्वरूप पाहिले, तर त्यांत वेळेचे नियोजन, आत्मविश्वास, स्मरणशक्ती यांवरील व्याख्यानांचा भरणा अधिक आढळतो. विद्यार्थी दिवसभर ऐकतो. लिहीत मात्र काहीच नाही. प्रस्तुत लेखात शैक्षणिक कौशल्य म्हणजे नेमके काय, ते मुळात भाषेशी कसे निगडित आहे आणि यवतमाळसारख्या बहुभाषिक जिल्ह्यात त्याची जबाबदारी मराठी विभागाने का स्वीकारावयास हवी, याचा विचार करावयाचा आहे. अशा कार्यशाळेचा एक व्यवहार्य आराखडाही अखेरीस मांडला आहे.

१. संकल्पना

शैक्षणिक कौशल्य या संज्ञेत स्थूलमानाने पाच क्रिया येतात : ऐकलेल्याचे टिपण करणे, वाचलेल्याचे सार काढणे, एखादे विधान करून त्यास आधार देणे, त्या आधाराचा निर्देश करणे आणि हे सर्व ठरावीक वेळात सुसंगतपणे लिहिणे. या पाचही क्रिया कोणत्याही विषयाच्या विद्यार्थ्यास कराव्या लागतात. त्या सर्वांत एक समान सूत्र आहे. प्रत्येक क्रियेत विद्यार्थ्याला एका भाषारूपातील आशय दुसऱ्या भाषारूपात न्यावा लागतो. प्राध्यापकाचे बोलणे टिपणात येते, ग्रंथातील दहा पाने दहा ओळींत येतात, मनातील मत परिच्छेदात येते. म्हणजे शैक्षणिक कौशल्य ही प्राधान्याने रूपांतराची क्रिया आहे. आणि रूपांतर हे केवळ ऐकून येत नाही, करून पाहिल्यावर येते.

हे मान्य केले की आणखी एक गोष्ट ओघानेच मान्य करावी लागते. ज्या विद्यार्थ्याच्या घरची भाषा आणि ग्रंथाची भाषा यांत अंतर थोडे, त्याचे बरेचसे रूपांतर नकळत होऊन जाते. ज्याच्या बाबतीत हे अंतर मोठे, त्याला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात : विचार करणे आणि भाषा बदलणे. परीक्षेतील उत्तरपत्रिकेवर या दुहेरी श्रमाची कोठेही नोंद होत नाही. तेथे फक्त 'भाषा कच्ची' असा शेरा उमटतो, आणि विद्यार्थी तो शेरा पुष्कळदा आपल्या बुद्धीविषयीचा निर्णय म्हणून स्वीकारतो.

२. जिल्ह्याची भाषिक पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातील सोळा तालुक्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी वऱ्हाडी, गोरमाटी, गोंडी आणि कोलामी या भाषा-बोली प्रामुख्याने बोलल्या जातात. वऱ्हाडी ही मराठीची बोली. बंजारा समाजाची गोरमाटी ही आर्यभाषाकुळातील असली, तरी मराठीहून पुष्कळ वेगळी आहे. गोंडी आणि कोलामी या तर द्राविडी कुळातील भाषा. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी या भागांत कोलाम समाजाची वस्ती आहे. या भाषेचे एम. बी. एमेनो यांनी केलेले वर्णन १९५५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. म्हणजे भाषाविज्ञानाच्या जगात कोलामीची नोंद होऊन सात दशके उलटली. आपल्या वर्गात मात्र तिची दखल क्वचितच घेतली जाते.

वऱ्हाडीभाषक विद्यार्थ्याच्या लेखनातील तथाकथित चुका बारकाईने पाहिल्यास त्यांत नियमितता दिसते. वऱ्हाडीत 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी पुष्कळदा 'य' येतो : पाणी-पानी, डोळा-डोया. चतुर्थीचा प्रत्यय 'ला' नसून 'ले' आहे : मले, तुले. अपूर्ण काळासाठी 'करून राहिला' अशी रचना येते. या बोलीचा विद्यार्थी 'पानी' लिहितो, तेव्हा तो आपल्या उच्चाराशी प्रामाणिक असतो. तोच विद्यार्थी पुढे 'न'ची धास्ती घेऊन 'मणुष्य' लिहू लागतो, तेव्हा तो प्रमाणभाषेचा नियम अवाजवी ताणत असतो. दोन्ही चुका एका शाईने अधोरेखित होतात. पण पहिलीचा उपाय उच्चारभेद समजावून देणे हा आहे, तर दुसरीचा उपाय भीती कमी करणे हा.

येथे तीन प्रकारच्या उणिवा वेगळ्या करावयास हव्यात. बोलीच्या उच्चारातून आलेल्या रूपांचा एक गट. मराठी साहित्य महामंडळाने केलेल्या व शासनाने १९६२ व १९७२ मध्ये मान्य केलेल्या लेखनविषयक अठरा नियमांच्या अज्ञानातून आलेल्या चुकांचा दुसरा. आणि विचाराच्या मांडणीतील दोषांचा तिसरा : विधान नसणे, आधार नसणे, एका परिच्छेदात चार विषय येणे. पहिल्या दोन गटांतील चुका डोळ्यांना चटकन दिसतात, म्हणून तपासनीसाची लेखणी तेथेच थांबते. तिसऱ्या गटातील दोष दाखवावयास वेळ लागतो, आणि शैक्षणिक कौशल्याचा खरा संबंध तर त्यांच्याशीच आहे.

३. टिपण : बोलीचा अधिकार

टिपण हे विद्यार्थ्याने स्वतःसाठी करावयाचे लेखन आहे. त्याचा वाचक तो स्वतःच असतो. मग ते ग्रांथिक मराठीतच असले पाहिजे, असा आग्रह कशासाठी? व्यवहारात असे दिसते की प्रमाणभाषेत टिपण करू पाहणारा विद्यार्थी प्राध्यापकाचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतो. पहिली तीन वाक्ये पूर्ण येतात, चौथे अर्धे राहते, आणि त्यानंतरचा धागाच सुटतो. असे टिपण घरी नेऊन वाचले तरी त्यातून काही उलगडत नाही. मग बाजारातील तयार 'गाईड'चा आधार घेणे अपरिहार्य ठरते.

एक उदाहरण घेऊ. ग्रामीण साहित्याचा विचार करताना प्राध्यापक वर्गात असे सांगतात, अशी कल्पना करू : 'ग्रामीण साहित्यात निसर्ग ही केवळ पार्श्वभूमी नसते, पर्जन्याच्या अनिश्चिततेवर पात्रांचे आर्थिक व कौटुंबिक निर्णय अवलंबून असतात.' हे वाक्य शब्दशः उतरविणाऱ्यास ते समजलेच असेल असे नाही. त्याऐवजी विद्यार्थ्याने आपल्या वहीत पुढीलप्रमाणे टिपले तर? 'पाऊस निस्ता देखावा नाई. पानी नाई आला त लगन बी पुढं जाते. घरातला सारा हिशेब पावसावर.' या टिपणात मूळ विधानाचा आशय आला आहे. इतकेच नव्हे, तर मूळ वाक्यात नसलेले एक उदाहरणही आले आहे. म्हणजे आकलन झाले आहे. आता उरते ते त्याचे प्रमाण मराठीत रूपांतर. आणि ते काम सावकाश, शब्दकोश जवळ घेऊन, घरी करता येते.

याचा अर्थ प्रमाणभाषेची आवश्यकता नाही, असा मुळीच नाही. निबंध, उत्तरपत्रिका, प्रबंध या सार्वजनिक लेखनाची भाषा प्रमाण मराठीच राहणार. सुचवावयाचे आहे ते एवढेच की आकलन आणि रूपांतर या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्यात. कोलामी किंवा गोरमाटी घरातील विद्यार्थ्यानेही पहिले टिपण देवनागरीत आपल्या भाषेत करावे. प्राध्यापकास ती भाषा येत नसली तरी अडत नाही, कारण ते टिपण तपासावयाचे नसते. त्यावरून विद्यार्थ्याने मराठीत काय सांगितले ते तपासावयाचे असते.

४. परिच्छेद : विधान, आधार, स्पष्टीकरण

उत्तरलेखनातील सर्वांत मोठी अडचण म्हणजे कथानक सांगण्याची सवय. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) ही कादंबरी या प्रदेशातील विद्यार्थ्यांना जवळची वाटणारी कलाकृती. तिच्यातील कौतिकच्या व्यक्तिरेखेवर प्रश्न आला की पुष्कळ उत्तरे पुढील वळणाने जातात : 'कौतिक ही या कादंबरीची नायिका आहे. ती फार कष्टाळू असते. तिच्या नवऱ्याचे नाव महादेव असते. तो आजारी पडतो. तिला खूप दुःख होते.' यांतील एकही वाक्य चुकीचे नाही. परंतु यांतले एकही वाक्य प्रश्नाचे उत्तर नाही.

कार्यशाळेत याच मजकुरावर काम करता येते. प्रथम विद्यार्थ्याने स्वतःला विचारावे : मला कौतिकविषयी काय म्हणावयाचे आहे? समजा, तो म्हणाला, 'तिनं काई कमी केलं नाई, तरी असं झालं.' हे विधानच आहे. प्रमाण मराठीत ते असे होईल : 'कौतिकची शोकांतिका तिच्या दुबळेपणातून आलेली नाही, तिने केलेल्या धडपडीनंतरही ती टळू शकलेली नाही.' यानंतर आधार : नवऱ्याच्या निष्क्रियतेत आणि पुढे त्याच्या आजारातही ती कष्ट करून संसार सावरू पाहते. त्यानंतर स्पष्टीकरण : माणसाच्या प्रयत्नांपेक्षा दारिद्र्याची रचना अधिक बलवान ठरते, हे लेखकास यातून सूचित करावयाचे असावे. एका विधानाचा एक परिच्छेद झाला. असे चार परिच्छेद झाले की उत्तर झाले.

या कादंबरीचा आणखी एक उपयोग आहे. तिच्यातील निवेदन मुख्यतः प्रमाण मराठीत, तर संवाद वऱ्हाडीत आहेत. बोलीतील अनुभव आणि प्रमाणभाषेतील कथन एकमेकांशेजारी कसे नांदू शकतात, हे विद्यार्थ्यास येथे प्रत्यक्ष दाखविता येते. ज्या रूपांतराची आपण त्याच्याकडून अपेक्षा करतो, ते एका थोर लेखकानेही केले आहे, हे त्याला दिसते. आपली बोली वर्गाबाहेर ठेवून येण्याची गरज नाही, ही जाणीव शंभर प्रेरणादायी व्याख्यानांहून अधिक परिणामकारक ठरेल.

५. आधाराची नोंद : आपली परंपरा आणि आजची गरज

संदर्भ देण्याची पद्धती ही पाश्चात्त्य विद्याव्यवहारातून आलेली एक औपचारिकता आहे, असा समज विद्यार्थ्यांत, क्वचित अध्यापकांतही, आढळतो. वस्तुतः मराठीच्या आद्य गद्य ग्रंथाच्या मुळाशीच आधाराची चिकित्सा आहे. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिले-ऐकले, त्यांच्याकडून आठवणी मिळवून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. हे कार्य शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे झाले. एखाद्या लीळेविषयी वेगळे स्मरण असेल तर तेही नोंदविण्याची दृष्टी महानुभाव परंपरेत दिसते. कोणी सांगितले आणि दुसऱ्याने काय सांगितले, हे दोन प्रश्न संदर्भपद्धतीचा गाभा आहेत. ते तेराव्या शतकात आपल्याच प्रदेशात विचारले गेले होते, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यास आवर्जून सांगावयास हवे.

आधाराची चिकित्सा शिकविण्यासाठी जिल्ह्याचा इतिहासही उत्तम सामग्री पुरवितो. ब्रिटिश काळात या जिल्ह्याचे नाव वणी जिल्हा असे होते. १९०५ मध्ये वऱ्हाडातील जिल्ह्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा त्यास यवतमाळ हे नाव मिळाले आणि वाशीम जिल्ह्यातील दारव्हा व पुसद हे तालुके त्यास जोडण्यात आले. १९०८ मध्ये या नव्या जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. आता एखाद्या विद्यार्थ्याने १९०१ च्या जनगणनेतील वणी जिल्ह्याची लोकसंख्या घेतली, १९११ ची यवतमाळ जिल्ह्याची घेतली आणि दहा वर्षांत लोकसंख्या एकदम वाढली असा निष्कर्ष काढला, तर दोन्ही आकडे बरोबर असूनही निष्कर्ष चुकेल. कारण मधल्या काळात जिल्ह्याची हद्दच बदलली. आकडा कोठून घेतला याबरोबरच तो कशाचा आहे हे का लिहावयाचे, हे या एका उदाहरणातून स्पष्ट होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनी या प्रश्नास कायदेशीर बाजूही दिली आहे. प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपेक्षा अधिक आढळल्यास त्याच्या प्रमाणानुसार कारवाईच्या पायऱ्या त्यात सांगितल्या आहेत. परंतु साम्य मोजणारे यंत्र विद्यार्थ्यास स्वतःच्या शब्दांत लिहावयास शिकवीत नाही. उतारा, सारांश आणि स्वशब्दांतर या तिहींतील भेद पदवीच्या पहिल्या वर्षी कोणी दाखविला नसेल, तर संशोधनाच्या टप्प्यावर तो एकाएकी उमगेल अशी अपेक्षा करता येत नाही. मागणी करताच संगणकाकडून तयार उत्तर मिळू लागल्यापासून तर हा भेद अधिकच निकडीचा झाला आहे. ज्याच्या वहीत स्वतःच्या बोलीतील टिपण आहे, त्याचे लेखन त्याचे स्वतःचे आहे, याचा तो एक पुरावाच ठरतो.

संदर्भसाधनांच्या परिचयासाठी महाविद्यालयीन ग्रंथालयातील मोजकी साधने पुरेशी आहेत : दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (१९३२-१९३८), मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७), शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' आणि मराठी विश्वकोश. 'महाराष्ट्र शब्दकोशा'त प्रादेशिक शब्दांपुढे प्रदेशदर्शक संक्षेप दिलेले असतात. विद्यार्थ्याने आपल्या घरात नेहमी वापरला जाणारा एखादा शब्द त्यात शोधावा. तो सापडला तर बोलीला कोशात स्थान असल्याचे त्याला दिसेल. न सापडला तर नोंदीचे एक काम त्याला मिळेल.

६. कार्यशाळेचा आराखडा

वरील विवेचनाच्या आधारे पुढील आराखडा सुचविता येईल.

(अ) काळ : एक दिवसाऐवजी दर आठवड्यास दोन तास, असे सहा आठवडे. ऑगस्ट-सप्टेंबर हे महिने सोयीचे. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली की ग्रामीण विद्यार्थ्यांची उपस्थिती रोडावते. सत्रे नियमित वेळापत्रकातच असावीत, एस.टी.ने ये-जा करणारा विद्यार्थी सायंकाळच्या जादा तासास थांबू शकत नाही, आणि ज्याला गरज अधिक तोच नेमका वगळला जातो.

(आ) संख्या : सुमारे तीस विद्यार्थी, पाच-पाचांच्या गटांत. प्रत्येक गटात शक्यतो वेगवेगळ्या घरभाषांचे विद्यार्थी असावेत.

(इ) क्रम : पहिले सत्र ऐकणे व बोलीत टिपण; दुसरे त्या टिपणाचे प्रमाण मराठीत रूपांतर; तिसरे चार पानांचे सार दहा ओळींत; चौथे विधान-आधार-स्पष्टीकरण; पाचवे ग्रंथालयात, कोश व सूची हाताळणे; सहावे वेळ लावून एक पूर्ण उत्तर लिहिणे. सहाही सत्रांसाठी अभ्यासक्रमातीलच एक कलाकृती घ्यावी, म्हणजे कार्यशाळा हे जादा ओझे वाटत नाही.

(ई) तपासणी : प्रत्येक लेखनावर प्राध्यापकाने एकच सूचना लिहावी, आणि ती तिसऱ्या गटातील, म्हणजे मांडणीविषयीची असावी. लेखनविषयक नियमांचा विचार पाचव्या सत्रानंतर करावा. पहिल्या व सहाव्या सत्रातील लेखन शेजारी ठेवून विद्यार्थ्यानेच आपल्यातील बदल चार ओळींत नोंदवावा.

७. काही आक्षेप

या आराखड्यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला, अभ्यासक्रमच पूर्ण होत नाही तेथे यास वेळ कोठून आणावयाचा? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेल्या श्रेयांकरचनेत भाषाविषयक क्षमतावर्धक अभ्यासक्रमांना जागा आहे. ती जागा या कामासाठी वापरता येईल. दुसरा, बोलीला मुभा दिल्यास प्रमाणभाषा बिघडेल. यास उत्तर असे की बोली विद्यार्थ्याच्या मनात आधीपासून आहेच. तिला वहीत येऊ दिले तर ती आणि प्रमाणभाषा यांतील भेद त्याला डोळ्यांनी पाहता येतो, अन्यथा ती नकळत उत्तरपत्रिकेत उतरते. तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे : हे काम शाळेचे आहे, विद्यापीठाचे नव्हे. शाळेचे काही राहून गेले असेल हे खरे. पण साहित्यकृतीविषयी विधान करणे, त्यास आधार देणे, मतभेद नोंदविणे, ही कामे शालेय नाहीत. ती आपल्या विद्याशाखेचीच आहेत, आणि आपण ती शिकविण्याऐवजी केवळ तपासत आलो आहोत.

८. समारोप

यवतमाळ नगरीत १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भाषेच्या या सन्मानाचा आनंद रास्तच आहे. परंतु भाषेचे सामर्थ्य, ती ज्यांच्या घरची नाही किंवा वेगळ्या रूपात घरची आहे, अशांना ज्ञानव्यवहारात किती सामावून घेते यावरूनही पारखले जाते. झरी-जामणीच्या कोलाम पोडावरून किंवा पुसदजवळच्या तांड्यावरून आलेला विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या अखेरीस स्वतःचे एक विधान स्वतःच्या शब्दांत, आधारासह लिहू शकला, तर कार्यशाळेचा हेतू साध्य झाला असे म्हणता येईल. त्यासाठी लागणारी साधने प्रत्येक महाविद्यालयात आहेत : एक कलाकृती, एक कोश, एक कोरी वही आणि विद्यार्थ्याचे लेखन चुकांच्या पलीकडे जाऊन वाचणारा अध्यापक. मराठी विभागांनी येत्या शैक्षणिक सत्रात निदान एका वर्गापुरता हा प्रयोग करून पाहावा आणि त्याच्या नोंदी इतर अभ्यासकांसमोर ठेवाव्यात, एवढीच या विवेचनामागील अपेक्षा आहे.